'रिस्पेक्ट' हे गाणं मुळात एका पुरुषाचं होतं म्हणतात. मग ते बायकांचं कसं झालं?

हो, पुरुषाचंच. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातल्या मेकन गावात वाढलेल्या ओटिस रेडिंग या गायकानं ते लिहिलं, १९६५ च्या उन्हाळ्यात मेंफिसला रेकॉर्ड केलं, आणि दोन वर्षांनी अरेथा फ्रँकलिन या गायिकेनं ते घेतलं. 'घेतलं' हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. खुद्द ओटिसनंच तसं म्हटलं होतं, ते पुढे येईल.

पण प्रश्नाखाली तुम्ही जी ओळ जोडलीय, 'शब्द तेच, चाल तीच, फक्त बाईनं गायलं म्हणून अर्थ बदलला का?', ती मला पटली नाही. शब्द तेच नाहीत. चालही सगळी तीच नाही. आणि 'फक्त' तर अजिबातच नाही.

आधी माझी पात्रता सांगते, म्हणजे अपेक्षा बेतानं ठेवाल. मी मूळची साताऱ्याची. २०१० पासून डेट्रॉइटजवळच्या एका उपनगरात राहते, नवरा गाड्यांच्या धंद्यात, इथल्या बऱ्याच मराठी घरांसारखंच. गाण्यातलं शिक्षण म्हणाल तर शाळेत असताना पेटीच्या दोन परीक्षा. हे गाणं मला शिकवलं ते इथल्या ग्रंथालयात इंग्रजी संभाषणाचा फुकट वर्ग घेणाऱ्या एका निवृत्त बाईंनी. कृष्णवर्णीय, जन्म डेट्रॉइटचाच, सत्तरीच्या आसपास. वर्गात कुणी त्यांना नुसत्या नावानं हाक मारली की त्या ऐकूच आलं नाही असं करायच्या. नावाआधी 'मिस' लागायचंच. अमेरिकेत सगळे एकमेकांना नावानंच बोलावतात असं मी इकडे येण्याआधी ऐकून होते, त्यामुळे मला वाटायचं, बाई जरा खडूसच दिसतात.

त्यांनी एक दिवस फोनवर दोन्ही गाणी लागोपाठ लावली आणि आम्हा सात-आठ जणांना एकच काम दिलं. 'घरी कोण येतंय आणि घरात कोण आहे, तेवढं सांगा.'

ओटिसच्या गाण्यात तो घरी येतोय. बाहेर राबून, कमाई घेऊन. घरातल्या बाईला म्हणतो, तुला हवं ते सगळं तुला मिळालेलंच आहे. मी नसताना मला फसवायचं तर खुशाल फसव, पण मी घरी आलो की थोडा मान ठेव, एवढंच मागणं. नुसते शब्द वाचले तर हा नवरेपणा गाजवतोय असं वाटेल. आवाज ऐकलात की कळतं, गडी काकुळतीला आलाय. ओटिस तेव्हा बाराही महिने दौऱ्यावर असायचा. एकदा तो घराबद्दल कुरकुरत असताना ड्रमर अल जॅक्सन त्याला म्हणाला, तू कायम रस्त्यावर, घरी आल्यावर थोडा मान मिळाला तरी पुष्कळ, आणि त्यातून गाणं सुचलं, असा किस्सा सांगतात. खरा असेल. गाणं ऐकून तरी पटतो.

रेकॉर्ड झालं ते स्टॅक्स या रेकॉर्ड कंपनीच्या स्टुडिओत. मॅकलमोर ॲव्हेन्यूवरचं जुनं सिनेमा थिएटर होतं ते, प्रेक्षागृहाची उतरती जमीन तशीच राहिलेली. वाजवणारे काही गोरे, काही काळे, आणि तेही मेंफिससारख्या गावात, त्या काळात. ट्रंपेट-सॅक्सोफोनचा ताफा पुढे, ढोल बदाबद, दोन मिनिटांत खेळ खलास. लोकप्रिय गाण्यांच्या याद्या निघायच्या, त्यात कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या, म्हणजे 'रिदम अँड ब्लूज'च्या यादीत गाणं चौथ्या क्रमांकापर्यंत गेलं, सर्वसाधारण यादीत पस्तिसाव्या. बरं चाललं म्हणायचं. पुढल्याच वर्षी इथून तासाभरावरच्या ॲन आर्बरमधल्या रॅशनल्स नावाच्या गोऱ्या पोरांच्या बँडनंही ते गायलं. तेव्हा अरेथानं हात लावला त्या वेळी हे काही अडगळीत पडलेलं गाणं नव्हतं.

आता अरेथा. जन्म मेंफिसचा, १९४२ चा, पण वाढली डेट्रॉइटला. वडील सी. एल. फ्रँकलिन हे न्यू बेथेल बॅप्टिस्ट चर्चचे पाद्री. त्यांच्या प्रवचनांच्या तबकड्या निघायच्या आणि खपायच्या, इतके नामांकित. पोरगी लहानपणापासून चर्चमध्ये गायची आणि पियानो वाजवायची. अठराव्या वर्षी कोलंबिया कंपनीनं तिला करारबद्ध केलं आणि पुढची सहा वर्षं तिच्याकडून जॅझ, नाटकांतली गोड गाणी, असलं काय काय गाऊन घेतलं. आवाज तोच, पण माणूस परक्याच्या दिवाणखान्यात अंग चोरून बसल्यासारखं वाटतं. १९६६ च्या अखेरीस ती ॲटलांटिक कंपनीत आली. तिथला निर्माता जेरी वेक्सलर यानं शहाणपणाची एक गोष्ट केली, तिला परत पियानोवर बसवलं. गाणारी पियानोवर बसली की ठेका तिच्या हातात येतो, मागचे सगळे तिच्याकडे बघून वाजवतात. आपल्याकडे पेटी स्वतः वाजवत गाणाऱ्या कीर्तनकाराचं असतं तसं.

१९६७ च्या जानेवारीत अलाबामातल्या मसल शोल्स इथे पहिलं ध्वनिमुद्रण ठरलं. एक गाणं पुरं झालं, दुसरं अर्धवट, आणि तेवढ्यात अरेथाच्या नवऱ्याची तिथल्या लोकांशी वादावादी झाली, सगळं बंद पडलं. मग त्याच वादकांना न्यूयॉर्कला आणलं, आणि १४ फेब्रुवारीला 'रिस्पेक्ट' रेकॉर्ड झालं. अरेथाचं वय चोवीस. मागे साथीला दोन सख्ख्या बहिणी, अर्मा आणि कॅरोलिन. गाणं ती त्याआधीपासून कार्यक्रमांत गात होतीच, त्यामुळे स्टुडिओत आली ती सगळी मांडणी डोक्यात घेऊनच.

आता बाईंच्या प्रश्नाचं उत्तर. इथे घरी येतोय तो पुरुषच, पण बोलतेय घरातली बाई. 'तुला हवं ते तुला मिळालंय' च्या जागी 'तुला हवं ते माझ्याकडे आहे'. 'मी घरी आलो की' च्या जागी 'तू घरी आलास की'. आणि ते फसवण्याचं कडवं? ओटिस परवानगी देत होता, माझ्यामागे काहीही कर. अरेथा म्हणते, तू नसताना मी तुला फसवणार नाही, आणि कारण काय, तर माझी तशी इच्छा नाही म्हणून. तुझ्या धाकानं नाही, लोक काय म्हणतील म्हणूनही नाही. दोन सर्वनामं आणि एक कारण बदललं. बाकी घर तेच, दार तेच.

पैशाची ओळ तर आणखी गमतीची. ओटिस म्हणतो, मी माझे सगळे पैसे तुला द्यायला निघालोय. अरेथानं ही ओळ बदललीच नाही! म्हणजे आता पैसे तिचे झाले. कमावणारी ती, देणारी ती, आणि बदल्यात ती मागते ते 'प्रॉपर्स', माझा रीतसर मान. (हल्लीची पोरं कौतुकाला 'प्रॉप्स' म्हणतात, ते त्यातलंच.) १९६७ सालच्या अमेरिकेत हे म्हणणं लहान नव्हतं. लग्न झालेल्या बाईला कर्ज किंवा क्रेडिट कार्ड देताना बँका सर्रास नवऱ्याची सही मागायच्या. ते कायद्यानं बंद झालं १९७४ मध्ये. मला ही ओळ जरा जास्तच लागते, कारण मी इथे एच-फोर व्हिसावर आले. नवऱ्याच्या नोकरीवर आलेल्या बायकोचा व्हिसा, नोकरी करायची नाही. २०१५ ला नियम सैल झाला तोवर पाच वर्षं माझ्या पाकिटात त्याच्याच खात्याचं जोडकार्ड होतं. नवरा भला आहे, कधी हिशेब विचारला नाही. पण 'माझे सगळे पैसे' हे तीन शब्द मला पाच वर्षं म्हणता आले नाहीत, हेही खरं.

आणि शेवटी ओटिसच्या गाण्यात नसलेली धमकी येते. मान ठेव, नाहीतर एक दिवस घरात शिरशील आणि मी गेलेली असेन. तिचा स्वतःचा संसार तेव्हा कसा चालला होता ते पुढे सगळ्यांना कळलं, १९६९ मध्ये काडीमोड झाला. म्हणून गाणं तिच्या नवऱ्याला उद्देशून होतं असं काही लोक ठामपणे सांगतात. मला तो जोड लावणं आवडत नाही. बाई चांगलं काही गायली की लोकांना आधी तिच्या घरात डोकवायचं असतं.

माझ्या मते गाण्याचा खरा कायापालट झाला तो झिलेत. पोवाड्यात, गोंधळात मागे झील धरणारे असतात ना, तसे ओटिसच्या रेकॉर्डवरही आहेत, पण ते 'हे हे हे' करून ठेका पुढे ढकलतात, बस्. अरेथाच्या बहिणी नुसती झील धरत नाहीत, त्या भांडणात उतरतात. ती बोलते तशा त्या दुजोरा देतात, चिथावतात, 'थोडासाच' म्हणत मागणी पुन्हा पुन्हा पुढे रेटतात. मधेच 'री री री री' ऐकू येतं, ते 'रिस्पेक्ट'चं पहिलं अक्षरही आहे आणि अरेथाचं घरातलं लाडाचं नावही. त्यामुळे ओटिसचं गाणं एका माणसाचं गाऱ्हाणं राहतं आणि हिचं तीन बायकांनी मिळून मांडलेलं म्हणणं होतं. कुणीतरी पाठीशी उभं असलं की आवाज वेगळा निघतो, ते कानाला कळतं. हे चर्चमधून आलेलं आहे. पाद्री एक वाक्य टाकतो, सभा ते उचलते.

'सॉक इट टू मी' हे बहिणी जे भराभर म्हणतात, तेही मूळ गाण्यात नाही. अरेथानं एका मुलाखतीत सांगितलं होतं, डेट्रॉइटच्या पश्चिम भागातल्या तिच्या लहानशा घरात पियानो खिडकीशी होता, बाहेर गाड्या जायच्या, आणि तिथे बसून तिनं आणि कॅरोलिननं हे जोडलं. पोरापोरींच्या तोंडी तेव्हा ते सहज असायचं, त्यात चावट काही नव्हतं, असं तिचं म्हणणं. ठीक आहे, अरेथाबाईंचा मान ठेवून आपण ते मान्य करू.

ओटिसच्या गाण्याला मधला वेगळा तुकडाही नव्हता. तो इथे किंग कर्टिसच्या सॅक्सोफोननं भरला, आणि त्याखालची स्वररचना सॅम अँड डेव्ह या जोडीच्या दुसऱ्याच गाण्यातून उचललेली आहे. पेटीवर करून बघा. गाण्याचा सा काळ्या-पांढऱ्यात जिथे असेल तिथून हा तुकडा तडक तीव्र मध्यमावर जाऊन बसतो, म्हणजे जितकं लांब जाता येईल तितकं लांब. कानाला क्षणभर वाटतं, वाट चुकलो. मग परत घरी. आणि त्यानंतर सगळी वाद्यं थांबतात आणि ती सात अक्षरं येतात, आर-ई-एस-पी-ई-सी-टी, एखाद्या मठ्ठ पोराला फळ्यापाशी उभं करून स्पेलिंग घोकून घ्यावं तशी. ओटिसनं हा शब्द कितीदा तरी म्हटला होता. त्याची फोड करून समोरच्याच्या हातात ठेवणं हे हिचं.

आता त्या 'मिस'कडे येते. आपल्याला मान द्यायचा तर भाषेतच सोय आहे. 'तू'चं 'तुम्ही' केलं, 'अगं'चं 'अहो' केलं की झालं. इंग्रजीत सगळ्यांना एकच 'यू'. मग मान कशातून दिसणार? तर 'मिस', 'मिसेस', 'मिस्टर' यांतून. आणि अमेरिकेच्या दक्षिणेत गोरे लोक कृष्णवर्णीयांना हेच द्यायचे नाहीत. साठीच्या म्हाताऱ्यालाही 'पोरा', आजीबाईंनाही नुसतं नाव. १९६३ मध्ये अलाबामातल्या गॅडस्डेनच्या कोर्टात मेरी हॅमिल्टन नावाची नागरी हक्कांची कार्यकर्ती साक्षीला उभी होती. सरकारी वकील तिला 'मेरी' म्हणाला. ती म्हणाली, मिस हॅमिल्टन म्हणा, तोवर उत्तर देणार नाही. न्यायाधीशानं कोर्टाच्या अवमानाबद्दल पाच दिवस कोठडी आणि पन्नास डॉलर दंड ठोठावला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि १९६४ मध्ये निकाल तिच्या बाजूनं लागला. एका 'अहो'साठी!

ही गोष्ट आम्हाला ग्रंथालयातल्या बाईंनीच सांगितली, आणि मी त्यांना मनातल्या मनात खडूस म्हटलं होतं ते मनातल्या मनातच परत घेतलं. मग मला ते गाणं मराठीतून ऐकू यायला लागलं. आमच्या आजीनं आजोबांना जन्मभर 'अहो' म्हटलं, आजोबांनी तिला 'अगं' सुद्धा क्वचितच, बहुतेकदा नुसतं खाकरायचे. ओटिसचं गाणं हे 'अहो'ची वाट बघणाऱ्या, दमून आलेल्या माणसाचं आहे, आणि त्या माणसालाही बाहेरच्या जगात कोणी 'अहो' म्हणत नव्हतं, हे विसरू नका. बाहेर 'पोरा' ऐकून आलेला माणूस घरात तरी मान मागतो. अरेथानं विचारलं ते त्याच्यापुढचं: मग मला कोण म्हणणार? ती बाहेर 'मेरी' होती आणि घरातही. म्हणून तिचं मागणं एकाच वेळी नवऱ्याकडे होतं आणि देशाकडेही. स्वतः अरेथानं पुढे हेच सांगितलं, की ही गरज रस्त्यावरच्या साध्या बाईमाणसाची होती, सगळ्यांचीच होती.

गाणं वसंतात बाहेर पडलं आणि ३ जूनला सर्वसाधारण यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं, दोन आठवडे राहिलं. 'रिदम अँड ब्लूज'च्या यादीत तर आठ आठवडे. जुलैत डेट्रॉइट पेटलं. एका विनापरवाना दारूच्या गुत्त्यावर पोलिसांनी घातलेल्या धाडीतून ठिणगी पडली, पाच दिवसांत ४३ माणसं मेली. अरेथाच्या वडिलांचं चर्च ज्या लिनवुड रस्त्यावर, तो त्याच पट्ट्यातला. आमच्या बाई तेव्हा शाळकरी वयाच्या होत्या. त्यांना आठवतं ते इतकंच, की खिडकीपासून लांब बसायला सांगितलं होतं आणि रेडिओ चालू होता. मग रेडिओवर हेच लागलं होतं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, 'बातम्या लागल्या होत्या, दुसरं काय लागणार?'

त्याच जूनमध्ये ओटिस कॅलिफोर्नियातल्या माँटेरेच्या संगीत महोत्सवात हे गाणं गायला उभा राहिला आणि गोऱ्या, तरुण श्रोत्यांना हसत हसत म्हणाला, हे गाणं एका मुलीनं, माझ्या मैत्रिणीनंच, माझ्याकडून नेलं. मग इतक्या जोरात गायला की जणू परत घ्यायचंय. ती चित्रफीत मिळाली तर जरूर बघा. डिसेंबरात विस्कॉन्सिनमधल्या एका बर्फगार तळ्यात त्याचं विमान कोसळलं. सव्वीस वर्षांचा होता.

पुढची गोष्ट मात्र मला अजून पचलेली नाही. अमेरिकेत रेडिओवर गाणं वाजलं की मानधन जातं ते गाणं लिहिणाऱ्याला आणि प्रकाशकाला. गाणाऱ्याला काही नाही. म्हणजे गेली पन्नासहून जास्त वर्षं अरेथाचं 'रिस्पेक्ट' इथल्या रेडिओवर जितक्या वेळा लागलं, त्याचे पैसे ओटिसच्या वारसांकडे गेले. सात अक्षरं, झील, मधला तुकडा, सगळं जिनं आणि जिच्या लोकांनी घातलं, तिला रेडिओकडून छदाम नाही. (आपल्याकडे लताबाई साठच्या दशकात गायकांच्या रॉयल्टीवरून अडून बसल्या होत्या आणि रफीसाहेबांशी त्यावरून बिनसलं होतं, ते आठवलं.) पुरस्कार मिळाले म्हणा. त्या गाण्याला दोन ग्रॅमी, आणि १९८७ मध्ये रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये दाखल झालेली पहिली बाई तीच.

नंतर हे बऱ्याच गायकांनी गायलं. स्टीव्ही वंडरनं १९६७ मध्येच. १९६८ च्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात डायना रॉस आणि सुप्रीम्स या गायिका एका बाजूला, टेम्प्टेशन्स या गटातले पुरुष दुसऱ्या बाजूला असंही झालं. ऐकायला मजा येते, पण अरेथानंतरचे सगळे तिचंच गाणं गातात, ओटिसचं नाही. आणि एक गैरसमज राहून जायला नको. हॉटेलात ॲप्रन घालून नवऱ्याला झापतानाचं अरेथाचं जे सिनेमातलं दृश्य लोक 'रिस्पेक्ट' म्हणून पाठवतात, ते गाणं 'थिंक' आहे. वेगळं.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये ती गेली तेव्हा डेट्रॉइटच्या चार्ल्स राइट संग्रहालयात दोन दिवस अंत्यदर्शन होतं. मी पहिल्या दिवशी बाईंबरोबर रांगेत उभी होते. ऊन मरणाचं. आत सोनेरी शवपेटी, लाल पोशाख, पायात उंच टाचांचे लाल बूट. रांगेत कोणी 'अरेथा' म्हणत नव्हतं असं नाही, बरेच जण म्हणत होते. बाई मात्र पेटीपाशी पोचल्यावर हळूच 'मिस फ्रँकलिन' म्हणाल्या आणि पुढे सरकल्या.

आता तुम्ही ऐका. आधी ओटिस, मग लगेच अरेथा, मधे दुसरं काही नको. हेडफोन लावा, फोनच्या स्पीकरवर बहिणी दबतात. तिसरं ऐकायचंच असेल तर १९७१ चं फिलमोर वेस्टचं, सॅन फ्रान्सिस्कोतल्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण. तिथे ती कार्यक्रमाची सुरुवातच ह्या गाण्यानं करते, आणि लय इतकी चढी की ताल धरायला गेलात तर पहिल्या कडव्यातच हात दुखतील.